नेसणे आणि घालणे : संगीत रंगभूमी व ऐतिहासिक मालिका यांतून येणाऱ्या जुन्या वेषाचा विचार

१

वस्त्रालंकार धारण करण्याच्या क्रियेसाठी मराठीत एकच क्रियापद नाही. लुगडे व धोतर नेसतात, चोळी व अंगरखा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात आणि अलंकार लेतात. या भेदामागे कापड व शरीर यांच्या संबंधाचे एक सूक्ष्म वर्गीकरण आहे. पागोटे व पगडी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पागोटे डोक्यावरच बांधावे लागते. पगडी पगडबंदाने आधीच बांधून सिद्ध केलेली असते, म्हणून ती घालतात. ज्या वस्त्राला आकार देण्याचे काम धारण करणाऱ्याच्याच हातून व्हायचे असते तेथे नेसणे किंवा बांधणे ही क्रियापदे येतात. आकार आधीच सिद्ध असेल तेथे घालणे येते.

अलीकडे ‘नऊवारी घातली’ हा प्रयोग तरुण पिढीच्या बोलण्यात वारंवार ऐकू येतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे त्याला अपप्रयोग म्हणतील. परंतु वस्तुस्थिती पाहिली तर बोलणाऱ्याने योग्य तेच क्रियापद योजिले आहे, असे म्हणावे लागते. आज सण-समारंभात दिसणाऱ्या नऊवाऱ्यांपैकी अनेक शिवलेल्या असतात. त्यांच्या निऱ्या शिंप्याने घातलेल्या, कासोटा टाके मारून पक्का केलेला, आणि कमरेशी नाडी ओढली की वेष पूर्ण. असे वस्त्र नेसता येत नाही. ते घालावेच लागते. भाषेने येथे एका सांस्कृतिक स्थित्यंतराची नोंद आधीच करून ठेवली आहे. त्या स्थित्यंतराचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जुन्या वेषाची ओढ आज मराठी समाजात प्रामुख्याने दोन वाटांनी येते. एक वाट संगीत रंगभूमीची : नाट्यसंगीताच्या मैफली, जुन्या संगीत नाटकांचे नवे प्रयोग, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम. दुसरी वाट दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक व चरित्रपर मालिकांची. पहिल्या ठिकाणी गायकाबरोबर श्रोतेही नथ, खोपा, फेटा, उपरणे अशा थाटात येऊन बसतात. दुसऱ्या ठिकाणी पडद्यावर पाहिलेला वेष प्रेक्षक बाजारात शोधतात. या ओढीची चिकित्सा बहुधा एकाच प्रश्नाने केली जाते : हा वेष इतिहासाला धरून आहे की नाही? प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. एखादी नथ अगदी जुन्या घडणीची असूनही तिचा अर्थ पूर्णपणे नवा असू शकतो.

२

वेषाचा विचार चिन्हव्यवस्था म्हणून करण्याची परंपरा भाषाशास्त्राला नवी नाही. बोगातिरेव यांनी १९३७ साली मोरावियातील लोकवेषांचा अभ्यास करून दाखविले की, एकच वस्त्र ऋतू, सण, वय, विवाहस्थिती, गाव व धर्म अशा अनेक गोष्टी एकाच वेळी सांगत असते. त्रुबेत्स्कोय यांनी ध्वनिविचाराची मांडणी करताना वेषभूषेचा दाखला दिला, आणि पुढे रोलाँ बार्त यांनी १९६७ साली फॅशनच्या व्यवस्थेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आपल्याकडे गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेषभूषेचा समाजशास्त्रीय व ऐतिहासिक आढावा घेतला.

या विचारातील येथे उपयोगी पडणारे तत्त्व साधे आहे. चिन्हाचा अर्थ त्याच्या विरोधी चिन्हावर अवलंबून असतो. जुन्या ब्राह्मणी घरात नथीला जो अर्थ होता तो आलवणामुळे होता. केशवपन झालेल्या विधवेने लाल आलवण नेसायचे, नथ तिला वर्ज्य. म्हणून नथ ही सौभाग्याची खूण. परकर व लुगडे यांचा विरोध वय आणि विवाह सांगत असे. सोवळे आणि ओवळे यांचा विरोध दिवसाच्या प्रहराशी व घरातील जागेशी बांधलेला होता. पगडी, पागोटे, मुंडासे व फेटा यांच्या घाटांवरून माणसाची जात, धंदा व प्रदेश ओळखता येई. वस्त्रे आणि अलंकार हे या भाषेतील शब्द होत. कोणी, केव्हा व कोणापुढे काय धारण करावे यांचे नियम हे तिचे व्याकरण होय. पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही प्रयत्नाला त्यामुळे एक प्रश्न विचारता येतो : येथे केवळ शब्द उचलले आहेत, की त्यांबरोबर व्याकरणही आले आहे?

३

संगीत रंगभूमीचा आरंभ बहुधा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’च्या १८८० सालच्या पुण्यातील प्रयोगापासून मानला जातो. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. या रंगभूमीच्या वेषयोजनेतील एक गोष्ट आजच्या दृष्टीला विलक्षण वाटते. कथा पुराणकाळातील असली तरी नायिका समकालीन मराठी स्त्रीचेच लुगडे नेसून रंगमंचावर येई. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील रुक्मिणी ही द्वारकाधीशाची वधू असली, तरी तिची नेसण प्रेक्षकांत बसलेल्या गृहिणीची होती. ही गफलत नव्हे. स्त्रीवेषापुरता तरी ‘त्या काळचा वेष’ हा हिशेब या रंगभूमीने मांडलाच नव्हता.

याचा परिणाम बालगंधर्वांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत प्रवेश केल्यापासून, आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाल्यावर तर विशेषच, त्यांच्या लुगड्यांचे काठ, अलंकारांची निवड, केसांतील फुलांची मांडणी यांचे अनुकरण महाराष्ट्रातील सुखवस्तू घरांतील स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने धारण केलेला स्त्रीवेष स्त्रियांनी प्रमाण मानावा, यातील विरोधाभासाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु हे अनुकरण सुकर झाले याचे एक कारण असे की, घेणारी स्त्री आणि देणारा नट एकाच वेषभाषेत वावरत होते. भामिनी किंवा रुक्मिणी पाहून घरी परतलेली स्त्री नवी भाषा शिकत नव्हती. स्वतःच्याच भाषेतील अधिक सफाईदार वाक्य ती ऐकून आली होती. निऱ्या कशा घ्याव्यात हे तिला ठाऊकच होते. त्या अधिक डौलदार कशा पडतील, एवढेच तिने पाहिले.

ही वेषभाषा जिवंत असल्यामुळेच नाटककाराला तिचा अर्थपूर्ण उपयोग करता येई. ‘मानापमान’ (१९११) मध्ये श्रीमंत भामिनी वनमालेचा साधा वेष घेऊन धैर्यधरापुढे येते, आणि मान-अपमानाचे सारे गणित त्या वेषांतरावर उभे राहते. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सिंधू संपन्न घरातून दारिद्र्यात उतरते व जात्यावर दळण दळू लागते. खऱ्या जरीच्या वस्त्रांवर व अत्तरांवर सढळपणे खर्च करणारे, आणि त्यापायी मंडळीला कर्जात लोटणारे बालगंधर्व या सिंधूच्या भूमिकेतही लोकप्रिय झाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भरजरी शालू आणि विटके लुगडे यांतील अंतर प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. त्या अंतरावर कितीतरी घरांचे भवितव्य टांगलेले असे.

४

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तोपर्यंत शहरी मध्यमवर्गातील स्त्रियांच्या नित्य वापरातून नऊवारी बव्हंशी गेली होती व पाचवारी साडी स्थिरावली होती. त्यामुळे दूरचित्रवाणीवर नऊवारी आली ती प्रथमपासूनच आर्ष प्रयोग म्हणून. ऐतिहासिक कादंबरीतील लेखक ‘आज्ञा व्हावी’, ‘स्वारी’, ‘इकडून’ अशी निवडक जुनी रूपे पेरून बाकीचे गद्य आजचेच ठेवतो. मालिकेची वेषयोजनाही बहुधा तेच करते. शब्द जुने, वाक्यरचना नवी. या तंत्रात मूलतः दोष काही नाही. कोणतीही ऐतिहासिक कलाकृती निवड केल्यावाचून उभी राहत नाही. प्रश्न एवढाच की, निवडलेली खूण ‘जुने’ यापलीकडे काही सांगते की नाही.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर आलेली ‘स्वामी’ ही मालिका रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवर आधारलेली होती. रवींद्र मंकणी यांचे माधवराव आणि मृणाल देव यांच्या रमाबाई प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिल्या. पेशवाईतील स्त्रीचे जे चित्र पुढे रूढ झाले, त्यात या रमाबाईंचा वाटा मोठा आहे. परंतु ज्या रमाबाईंच्या पैठणीचे व अलंकारांचे कौतुक झाले, त्या १७७२ साली थेऊर येथे पतीबरोबर सती गेल्या. सौभाग्यालंकारांना त्या व्यवस्थेत एवढे मोल का होते, याचे उत्तर त्या शेवटात आहे. कथानकाने ते लपविलेले नाही. पण प्रेक्षक पडद्यापासून उठून बाजारात जातो तेव्हा अलंकार बरोबर नेतो आणि शेवट मागे ठेवतो.

‘उंच माझा झोका’ (२०१२–१३) या जी मराठीवरील मालिकेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे, आणि म्हणूनच अधिक विचारणीय आहे. महादेव गोविंद रानडे यांच्याशी १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. तेजश्री वालावलकर या बालनटीने साकारलेली छोटी रमा लुगडे, नथ व खोपा अशा वेषात दिसते. या प्रतिमेत वेषाचे जुने व्याकरण अचूक सांभाळले गेले आहे : शरीर मुलीचे, वेष विवाहितेचा. या दोहोंतील विसंगती हेच त्या काळाचे एक सत्य होय, आणि संवादांतून जे सांगायला पुष्कळ शब्द लागले असते ते वेषाने एका दृष्टिक्षेपात सांगितले. मालिकेचे हे यश निर्विवाद आहे. मात्र हीच प्रतिमा पडद्याबाहेर पाहिली की तिचा अर्थ उलटतो. सणासुदीला लहान मुलींना शिवलेली नऊवारी व दाबाची नथ घालून नटविले जाते, तेव्हा त्या वेषातून केवळ गोडवा व्यक्त होतो. पडद्यावर ज्या खुणेने बालविवाह सूचित झाला, तीच खूण अंगणात कौतुकाची होते.

येथे दुसरीही बाजू मांडली पाहिजे. आज नथ कुमारिका घालते, विवाहिता घालते, पती हयात नसलेली स्त्रीही घालू शकते. नथीने सौभाग्य सांगणे थांबविले, याचा अर्थ ती कोणाला वर्ज्यही राहिली नाही. जुन्या व्याकरणाचा लोप हा या बाबतीत निखळ लाभ आहे, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. चिकित्सा करावयाची ती या लोपाची नव्हे, तर लोप झालाच नाही असे भासविणाऱ्या भाषेची. विवाहस्थितीचा निर्बंध झुगारून घातलेली नथ ही नवी, स्वतंत्र वस्तू आहे. तिला ‘आपली परंपरा’ म्हटले की त्या परंपरेत आलवणही होते हे दृष्टीआड होते. ऐतिहासिक मालिकांत आलवण दिसते; पण त्याचे अनुकरण होत नाही, ते कोणत्याही दुकानात टांगलेले नसते. विरोधी जोडीतील एकच चिन्ह बाजारात यावे आणि दुसऱ्याची आठवणही नसावी, यावरून हे अनुकरण कोणत्या जातीचे आहे ते कळते.

५

‘जुना मराठी वेष’ असे एकवचनात बोलण्याची सवयही तपासून पाहिली पाहिजे. शिवलेल्या नऊवारीचे बाजारात प्रचलित असलेले प्रकार पाहिले, तर पेशवाई, मस्तानी, ब्राह्मणी, कोळी अशी नावे आढळतात. यांपैकी मस्तानी हे नाव २०१५ सालच्या ‘बाजीराव मस्तानी’ या हिंदी चित्रपटानंतर विशेष बोलबाल्यात आले. कोळी नेसण ही पायांना मोकळीक देणारी श्रमाची नेसण. ती आज मुख्यतः नृत्याच्या पोशाखात दिसते. उरलेली नावे वाडा आणि दरबार यांच्याशी निगडित आहेत. शेतमजूर, कारागीर किंवा गावकुसाबाहेरच्या स्त्रीची नेसण या यादीत नाही.

ही अनुपस्थिती केवळ बाजाराच्या दुर्लक्षाने घडली असे मात्र म्हणता येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून आणि चांदी-कथलाच्या ज्या दागिन्यांवरून अस्पृश्यता दुरून ओळखू येते, त्या पद्धती व ते दागिने टाकून द्यावेत आणि सवर्ण स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसावे, असे त्यांनी सांगितले. जमलेल्या स्त्रियांनी तेथेच आपली नेसण बदलली, अशी नोंद आहे. वेषाला व्याकरण असते हे तत्त्व ग्रंथांत येण्याच्या आधी महाडच्या त्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते. गुडघ्यापर्यंतचे लुगडे हे त्यांच्याविषयी समाजाने रचलेले वाक्य होते. नेसण बदलून त्यांनी ते वाक्य बोलण्यास नकार दिला. ज्यांनी जुना वेष असा निश्चयपूर्वक टाकला, त्यांच्या वारसांनी त्याच वेषाबद्दल हुरहुर बाळगावी अशी अपेक्षा करणे हा इतिहासाचा अडाणीपणा ठरेल. जुन्या वेषाची हौस सर्वांना सारखीच परवडत नाही, आणि हा प्रश्न पैशाचा नाही.

स्टार प्रवाहवरील ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ (२०१९–२०) आणि सोनी मराठीवरील ‘सावित्रीजोती’ (२०२०) या मालिकांनी वाड्याबाहेरचा काळ व त्या काळची माणसे पडद्यावर आणली. त्यांतील वेष बाजारातील शैलीचे नाव झाला नाही. सावित्रीबाईंचा वेष ३ जानेवारीस शाळांतून मुली धारण करतात. पण तेथे तो एका व्यक्तीचे स्मरण म्हणून येतो, नटण्याची तऱ्हा म्हणून नव्हे. हा भेद अर्थपूर्ण आहे. या वेषाला अद्याप अर्थ आहे, म्हणूनच त्याची शैली झालेली नाही.

जुन्या वेषाचे व्याकरण सर्वस्वी संपले आहे असेही नाही, हे २०१८ साली दिसून आले. पुण्यात शरद पवार यांनी आपल्या पक्षाच्या समारंभांत पुणेरी पगडीऐवजी महात्मा फुले यांचे पागोटे वापरावे असे जाहीरपणे सांगितले आणि महाराष्ट्रभर वाद झडला. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती एका स्थळाची वस्तू. परंतु तिच्यासमोर फुले पागोटे येताच दोन्ही शिरोवेष्टने पुन्हा बोलू लागली. शोभेची वस्तू म्हणून निःशब्द झालेली पगडी तिचा विरोधी शब्द समोर येताच अर्थपूर्ण झाली.

६

संगीत रंगभूमीने दिलेल्या वारशाचा एक भाग गाणे आणि दुसरा भाग वेष. दोहोंचे पुनरुज्जीवन आज एकाच व्यासपीठावर होते. परंतु त्यांची कसोटी मात्र सारखी लावली जात नाही. ‘स्वयंवर’च्या पदांना भास्करबुवा बखले यांच्या चाली होत्या, ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांच्या, गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखा थोर कलावंत होता. हे पद आज गाणाऱ्या कलावंताला रागाची शिस्त, लयीचे भान आणि शब्दोच्चार सांभाळावे लागतात. तो आपल्या वकुबाप्रमाणे विस्तार करतो, बदल करतो. पण वर्ज्य स्वर लागला तर पुढच्या रांगेतील वृद्ध श्रोत्याची मान हलायची थांबते. त्याच सभागृहात कासोटा उलटासुलटा असला, किंवा तीन भिन्न काळांचे व समाजांचे अलंकार एकाच अंगावर आले, तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

याचे कारण गाणे श्रेष्ठ व वेष कनिष्ठ असे नाही. व्याकरण ग्रंथांत जगत नाही. चूक ओळखणाऱ्या माणसांत जगते. गाण्याची चूक ओळखणारा समाज गुरुशिष्यपरंपरेने, आकाशवाणीने, ध्वनिमुद्रिकांनी आणि १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या संमेलनांनी टिकविला. नेसणीची चूक ओळखणाऱ्या स्त्रिया मात्र एकेक करून गेल्या, आणि त्यांच्या ज्ञानाला कोणी विद्या म्हटले नाही. सासूने सुनेला, आजीने नातीला उभे करून, हाताने कापड फिरवून दिलेले हे शिक्षण होते. त्याची परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, म्हणून त्याच्या लोपाची नोंदही झाली नाही. शिवलेली नऊवारी हे या लोपाचे कारण नव्हे; तो त्याचा परिणाम होय. शिकविणारे हात उरले नाहीत, म्हणून शिंप्याचे टाके आले.

ऐतिहासिक मालिकेच्या किंवा संगीतप्रयोगाच्या वेषयोजनेचे परीक्षण करताना त्यामुळे दोन गोष्टी पाहणे उचित ठरेल. कलाकृतीने निवडलेल्या वेषाबरोबर त्याचा विरोधी वेषही तिच्या चौकटीत आहे काय? आणि तो वेष पात्राच्या जीवनातील काही निश्चित गोष्ट सांगतो, की केवळ काळाचा शिक्का मारतो? ‘उंच माझा झोका’मधील छोट्या रमेचा वेष या दोन्ही कसोट्यांना उतरतो. केवळ भरजरीपणावर विसंबणाऱ्या कलाकृती, मग त्यांची पैठणी कितीही अस्सल असो, दुसऱ्या कसोटीपाशी अडतात. प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र एवढा कठोर निकष लावण्याचे कारण नाही. त्याने नटावे, हौस करावी. ती हौस आपली आणि आजची आहे एवढे जाणले म्हणजे पुरे.

भाषेच्या अभ्यासकांपुढे यातून एक निश्चित काम उभे राहते. ओचा, कासोटा, निऱ्या, पदर हे शब्द कोशांत सापडतात. पण जिल्ह्याजिल्ह्यांतील व समाजासमाजांतील नेसणींची नावे, त्यांच्या क्रमिक कृतींचे शब्द, आणि कोणती नेसण कोणाला वर्ज्य होती यासंबंधीचे संकेत यांचे पद्धतशीर संकलन झाले पाहिजे. रोज नऊवारी नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया ग्रामीण महाराष्ट्रात अद्याप आहेत. त्यांच्याकडून हे शब्द व त्या कृती ध्वनिचित्रमुद्रणासह नोंदवून घेता येतील, आणि त्यांत वाड्याइतकीच वस्तीचीही नोंद झाली पाहिजे. ज्यांनी नेसण सांभाळली त्यांच्या शब्दांबरोबर, ज्यांनी ती टाकली त्यांची टाकण्याची कारणेही त्या संकलनात यावीत. तसे झाले तर पुढच्या मालिकेच्या वेषकाराला तयार उत्तर जरी नाही, तरी योग्य प्रश्न मिळेल.